सकाळची पाच मिनिटांची घरघर

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी सातला कुणी ना कुणी बाइक चालू करून दात घासायला जातं. गाडी उभ्या जागी पाच मिनिटं घरघरते. 'ऑइल वर चढू दे, नाहीतर पिस्टन घासतो,' हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

अर्धं खरं आहे. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, त्यामुळे चालू करतानाच झीज जास्त होते. पण इंजिनातला ऑइल पंप फिरला की ऑइल पोचायला काही सेकंद पुरतात, मिनिटं नाहीत. आणि थंडीनं ऑइल घट्ट होतं म्हणाल, तर मुंबईत सांताक्रूझला नोंदलेला नीचांक ७.४ अंश, तोही १९६२चा!

उलट उभ्या गाडीचं इंजिन हळू तापतं. त्यात जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीचा चोक, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, ओढलेला असेल, तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं, खाली उतरून ऑइलही पातळ करतं. म्हणजे पिस्टनच्या ज्या रिंगा वाचवायच्या, त्याच घासायच्या.

हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत इंजिन चालू ठेवा, बस्स. मग दादर येईपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात पिळू नका. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल खालच्या खुणेखाली दिसलं, तर मात्र किक मारण्याआधी ते भरा.