पांढऱ्या शेपटीचा वाद: व्हिएतनामच्या दोन फेझंटची पार्श्वभूमी

मध्य व्हिएतनामच्या सखल, दमट जंगलात फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याच्या एडवर्ड्स फेझंट आणि व्हिएतनामी फेझंट या दोन स्वतंत्र जाती राहतात, असं कित्येक वर्षं मानलं गेलं. दोन्हींचे नर निळे-काळे, चेहरा तांबडा, डोक्यावर पांढरा तुरा. फरक फक्त शेपटीत: दुसऱ्याच्या शेपटीतली मधली काही पिसं पांढरी.

एडवर्ड्सचं शास्त्रीय वर्णन 1896 चं. 1920 च्या दशकात काही पक्षी युरोपात नेले गेले. आज बंदिवासात असलेले पक्षी मुख्यतः त्यांचेच वंशज. जंगलात मात्र ही जात पुढे अनेक दशकं कोणाला दिसली नाही. दरम्यान 1964 मध्ये व्हिएतनामच्या ‘हा तिन्ह’ नावाच्या प्रांतात पांढऱ्या शेपटीचा पक्षी मिळाला आणि 1975 मध्ये त्याला वेगळ्या जातीचा दर्जा दिला गेला.

वादाचं मूळ इथेच आहे. पुढे पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात पैदास झालेल्या बंदिवासातल्या एडवर्ड्सनाही तशीच पांढरी पिसं येऊ लागली. जनुकीय तुलनेतही वेगळी जात मानावी इतकं अंतर निघालं नाही. अखेर 2012 च्या सुमारास दोन्ही एकच ठरवल्या गेल्या.

विलीनीकरण योग्यच होतं, पण त्याचा खरा अर्थ फारसा बोलला जात नाही. पांढरी पिसं जवळच्या नात्यातल्या पैदाशीतून येत असतील, तर हा तिन्हच्या जंगलातही तेव्हाच मोजकेच पक्षी उरले असणार. म्हणजे आपण नवी जात म्हणून ज्याची नोंद केली, तो जुन्या जातीच्या ऱ्हासाचा पुरावा होता. तो तसा वाचला गेला असता तर काही दशकं हाताशी होती.

1996 मध्ये एडवर्ड्स पुन्हा सापडला. 2000 नंतर जंगलातली खात्रीची नोंद नाही. युद्धकाळातली विषारी फवारणी, जंगलतोड आणि शेती यांनी अधिवास तुकड्यातुकड्यांत उरला. उरलेल्या तुकड्यांत तारेचे फासे आहेत. ते बहुधा इतर प्राण्यांसाठी लावलेले असतात, पण जमिनीवर चरणारा हा पक्षी त्यांत सहज अडकतो. व्हिएतनाममध्ये आता पैदास करून पक्षी पुन्हा जंगलात सोडायची तयारी चालू आहे. सोडायची जागा आधी फाशांपासून मोकळी झाली नाही, तर हे पक्षीही त्याच तारांत जातील.