त्याच दगडाशेजारी उभं राहून

हाडं वर आलेलं, पाय ओढत चालणारं, कचऱ्याच्या पिंपात तोंड घालणारं पांढरं अस्वल. 2017 सालचा हा व्हिडिओ अजून अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. ‘हवामानबदल असा दिसतो’ अशी ओळ नॅशनल जिऑग्राफिकने त्यावर टाकली होती आणि पुढच्याच वर्षी, आपलं जरा जास्तच झालं, हेही मान्य केलं. अस्वल मरणपंथाला लागलं होतं यात शंका नाही. पण कशामुळे? आजार, जखम, म्हातारपण? चित्रफितीवरून ते कळत नाही. हवामान म्हणजे आजचं ऊन-पाऊस नव्हे, साधारण 30 वर्षांची सरासरी. ती एका जनावराच्या बरगड्यांवर कशी वाचणार?

मला स्वतःला रडवणाऱ्या फोटोंपेक्षा मोजता येणारे फोटो आवडतात. अलास्कातल्या म्यूर हिमनदीचा एक फोटो हिमनद्यांचे अभ्यासक विल्यम फील्ड यांनी 13 ऑगस्ट 1941 रोजी काढला. त्याच जागेवरून भूवैज्ञानिक ब्रूस मोल्निया यांनी 31 ऑगस्ट 2004 रोजी दुसरा काढला. पहिल्यात दरी बर्फाने गच्च भरलेली आहे. दुसऱ्यात पाणी आहे आणि उतारांवर झाडी. मधल्या काळात तिथली बर्फाची जाडी 800 मीटरहून जास्त घटली. महिना दोन्ही वेळा ऑगस्टच आहे, हे महत्त्वाचं. एक फोटो हिवाळ्यातला आणि एक उन्हाळ्यातला घेतला, तर कुठलीही हिमनदी ‘वितळवून’ दाखवता येते.

पण ‘त्याच जागेवरून’ म्हणजे नेमकं कुठून? इथे खरी गंमत आहे.

जुना फोटो हातात घ्या. समजा त्यात जवळच्या एका दगडाचं टोक दूरच्या कड्यातल्या खाचेच्या बरोबर खाली दिसतंय. दगड तुमच्यापासून 10 मीटरवर आहे, कडा 5 किलोमीटरवर. आता तुम्ही 1 मीटर उजवीकडे सरकलात. दगड जवळजवळ 6 अंशांनी डावीकडे गेल्यासारखा दिसेल, म्हणजे पौर्णिमेचे अकरा चंद्र शेजारी-शेजारी मांडावेत इतका. कडा मात्र अंशाचा शंभरावा भागच हलेल. याला पराशय म्हणतात. दगड खाचेच्या डावीकडे दिसतोय? मग तुम्ही फार उजवीकडे आलात, परत फिरा. दगड आणि खाच जुळली की तुम्ही एका ठरावीक रेषेवर आलात. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी जुळवली की दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात, तिथेच तो जुना कॅमेरा होता! मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर चुकतो. हा दगड सेंटिमीटरभराची चूकसुद्धा पकडून देतो.

कॅमेऱ्याचं भिंग (लेन्स) वेगळं असलं तरी बिघडत नाही. भिंग बदललं की चित्र लहानमोठं होतं, पण दगड आणि खाच एकमेकांच्या मानाने कुठे दिसतात हे फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. ‘झूम केल्याने पार्श्वभूमी जवळ येते’ असं छायाचित्रण शिकवणारेही सर्रास सांगतात, ते चूक आहे.

चित्रपटालाही जागा न बदलण्याचा हाच नियम लागू. छायाचित्रकार जेम्स बालोग यांनी 2007 मध्ये हिमनद्यांसमोर कॅमेरे पक्के रोवून ठेवले आणि ते वर्षानुवर्षं ठरल्या वेळी फोटो काढत राहिले. असा कॅमेरा दिवसाउजेडी तासाला एक फोटो काढतो असं धरा. वर्षभरात उजेडाचे तास सरासरी रोज 12, म्हणजे सुमारे 4,400 फोटो. सेकंदाला 24 या वेगाने अख्खं वर्ष तीन मिनिटांत संपतं आणि एरवी स्थिर वाटणारा बर्फ वाहताना दिसतो. त्यावर गंभीर संगीत कशाला चढवतात, कोण जाणे.

फोटो ‘काय झालं’ ते सांगतो, ‘का झालं’ ते नाही. म्यूर ज्या खाडीत आहे तिथला बर्फ अठराव्या शतकापासूनच मागे हटतोय आणि समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीवर पाण्याच्या खोलीचाही परिणाम होतो. म्हणून एकट्या म्यूरवर भिस्त ठेवू नये. वेगवेगळ्या खंडांतल्या, समुद्रापासून दूरच्या हिमनद्याही एकाच काळात आटताना दिसतात आणि तापमानाच्या नोंदी त्याच दिशेने जातात, तेव्हा बोट तापमानवाढीकडे जातं.

कधी कधी मात्र जुनी जागा सापडूनही तिथे उभं राहता येत नाही. अशा वेळी मूळ फोटो काढणारा हिमनदीच्या पाठीवरच उभा राहिलेला असतो. आज त्याच्या पायांच्या उंचीवर नुसती हवा असते.