स्वयंचलित अक्षरजुळणी व पानरचना

टाइप केलेल्या मजकुराच्या ओळी पाडणे, त्या पानांवर बसवणे आणि शीर्षके, तळटिपा, पृष्ठांक यांना जागा करून देणे ही कामे वर्ड प्रोसेसर आपोआप करतो. कागद (ए४ असल्यास २१० × २९७ मिमी), समास, फॉन्ट आणि ओळींमधले अंतर ठरले, की बाकीचा हिशेब सॉफ्टवेअरचा.

ओळी पाडण्याची सोपी रीत म्हणजे मावतील तेवढे शब्द घ्यायचे आणि न मावणारा खाली ढकलायचा. ती वेगवान आहे, पण पडलेल्या ओळीकडे पुन्हा पाहत नाही. दोन्ही कडा सरळ केल्या की लांब शब्दाच्या आधीची ओळ म्हणूनच विरळ दिसते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत सबंध परिच्छेद एकदम तोलते. प्रत्येक ओळीतली मोकळी जागा किती ताणावी किंवा आवळावी लागते त्यानुसार दंड लागतो आणि एकूण दंड सर्वांत कमी असेल ती मांडणी निवडली जाते. क्नुथ यांच्या ‘टेक’ (TeX) या अक्षरजुळणी प्रणालीत ताण दुप्पट झाला की ओळीचा वाईटपणा, म्हणजे दंड ज्यावरून ठरतो तो आकडा, आठपट धरतात. या पद्धतीत शेवटच्या ओळीतला शब्द बदलल्यावर पहिली ओळही बदलू शकते.

देवनागरीत शब्द तोडायचा तर जोडाक्षर फुटता कामा नये आणि मात्रा अक्षरापासून सुटता कामा नये. प्रत्यय लागून लांबलेले मराठी शब्द अरुंद स्तंभात, शब्दतोड बंद असताना, मोठी भगदाडे पाडतात. तिथे उजवी कड मोकळी सोडलेली बरी.

परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर राहू नये म्हणून दोन्हीकडे किमान दोन ओळी ठेवण्याचा नियम असतो. त्यामुळे तीन ओळींचा परिच्छेद तुटूच शकत नाही. तो सगळा पुढच्या पानावर जातो आणि मागे रिकामी जागा उरते. अनेकांना हा बिघाड वाटतो, तो नाही.

तळटिपांचे गणित खरे अवघड. टीप तिच्या खुणेच्याच पानावर हवी; पण टिपेला जागा दिली की खुणेची ओळ पुढे सरकते, मग टीपही तिच्यामागे जाते आणि आधीचे पान पुन्हा मोकळे होते. यातून सुटण्यासाठी लांब टीप दोन पानांत विभागतात. अनुक्रमणिकाही अशीच: ती एका पानाने वाढली तर पुढचे पृष्ठांक चुकतात, म्हणून ती सगळ्यांत शेवटी आणि शक्यतो दोनदा अद्ययावत करावी.

बहुतेक गोंधळ मात्र हाताने केलेला असतो. नवे पान आणण्यासाठी एंटर दाबत राहिले, की वर दोन ओळी वाढताच शीर्षक पानाच्या मध्यावर येते. तिथे कंट्रोल-एंटरने पानखंड (पेज ब्रेक) घालावा. शीर्षकाआधीचे अंतर रिकाम्या ओळींनी नव्हे, स्टाइलमध्येच (शीर्षकाच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीत) द्यावे. फाइल उघडणाऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर बदली फॉन्टच्या अक्षरांची रुंदी वेगळी पडते आणि पाने सरकतात. छपाईला फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यावी.