सामायिक पत्त्यावरील पोर्ट-ओळख

एकाच हार्डवेअर पत्त्यामागे दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट असताना त्यांतला नेमका कोणता, हे सॉफ्टवेअरला सांगण्याची व्यवस्था. ‘हार्डवेअर पत्ता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि बराचसा घोटाळा तिथेच होतो. एक अर्थ पोर्टचा, म्हणजे तार खोवण्याच्या खोबणीचा, ४८ बिटांचा मॅक पत्ता; इथरनेटच्या जाळ्यात तो याच क्रमांकाने ओळखला जातो. दुसरा, यंत्राच्या पीसीआय बसवर (कार्डे यंत्राला जोडणाऱ्या अंतर्गत मार्गावर) कार्ड जिथे बसले आहे ते ठिकाण. सामायिक दोन्ही असू शकतात, मात्र कारणे निराळी आणि उपायही निराळे. (टीसीपीचे ८० किंवा ४४३ क्रमांकाचे पोर्ट हा वेगळा विषय आहे.) पोर्टसाठी ‘बंदर’ हा प्रतिशब्द कोकणात तरी चालण्यासारखा नाही. किनाऱ्यावर बंदर म्हटले की जयगड किंवा मिरकरवाडाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून या नोंदीत ‘पोर्ट’ हाच शब्द ठेवला आहे.

मॅक पत्ता नेमका कोणाचा, यंत्राचा की पोर्टचा, हा वाद इथरनेटइतकाच जुना आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले योगेन दलाल आणि त्यांचे झेरॉक्समधील सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये ४८ बिटी क्रमांकांची जी मांडणी केली, तिच्यात क्रमांक यंत्राचा धरला आहे. यंत्र कोणत्या जाळ्याला किती तारांनी जोडले आहे यावर तो अवलंबून नाही. डेकनेट या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या जाळेपद्धतीच्या चौथ्या टप्प्यातही यंत्राच्या नोड क्रमांकावरून एकच मॅक पत्ता तयार होई आणि तो त्याच्या सगळ्या इथरनेट पोर्टांना दिला जाई. सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांत मुख्य पाटीवरच्या (मदरबोर्डवरच्या) स्मृतीत एक पत्ता असे. चार पोर्टांचे कार्ड घातले तरी ओपनबूट या यंत्र सुरू करणाऱ्या प्रणालीतील स्थानिक मॅकची निवड चालू करेपर्यंत चारही पोर्ट तोच पत्ता सांगत. हे झेरॉक्सच्या तत्त्वाला धरून झाले असे म्हणता येते. पत्ता मुळात पाटीवरच साठवलेला होता, म्हणून सोयीने झाले असेही म्हणता येते. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे आणि बहुधा तेच पुरेसे आहे. चारही पोर्ट चार वेगळ्या जाळ्यांत असतील तर यातून काहीच बिघडत नाही. दोन पोर्ट एकाच स्विचला लावले की स्विचच्या तक्त्यात तो पत्ता या खोबणीतून त्या खोबणीत उड्या मारू लागतो. पुढे प्रत्येक पोर्टला स्वतंत्र पत्ता ही रीत रुळली, तरी बाँडिंग (अनेक पोर्ट एकत्र बांधणे) आणि व्हीलॅन (एकाच तारेवर अनेक आभासी जाळी) यांत एकच मॅक अनेक इंटरफेसांवर, म्हणजे कार्यप्रणालीला दिसणाऱ्या जोडण्यांवर, दिसणे आजही नेहमीचे आहे.

पीसीआयची अडचण वेगळी आहे. तिथला पत्ता बस, डिव्हाइस आणि फंक्शन अशा तीन भागांचा असतो; त्यांना अनुक्रमे ८, ५ आणि ३ बिट मिळतात. दोन पोर्टांच्या कार्डात सहसा प्रत्येक पोर्ट स्वतंत्र फंक्शन म्हणून येतो, त्यामुळे ०३:००.० आणि ०३:००.१ असे दोन पत्ते आपोआप मिळतात. मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-३ कार्डांत मात्र दोन्ही पोर्ट एकाच फंक्शनवर असतात. चेल्सिओच्या काही कार्डांचेही तसेच. कोकणातल्या वाचकाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल: सर्व्हे नंबर एकच, आणि भावाभावांना वेगळे करायचे तर पोटहिस्सा लिहावा लागतो.

लिनक्समध्ये हा पोटहिस्सा आधी चुकीच्या रकान्यात लिहिला गेला. प्रत्येक इंटरफेसच्या माहितीतले ‘डेव्ह_आयडी’ हे क्षेत्र आयबीएमच्या झेड मालिकेच्या मोठ्या यंत्रांतील ओएसए या नेटवर्क कार्डांच्या गरजेशी जोडलेले आहे. तिथे एक कार्ड अनेक कार्यप्रणाल्या वाटून घेतात, पण मॅक एकच असतो. त्यावरून आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट) पत्ते बनवले की सगळ्या कार्यप्रणाल्यांचे सारखे निघतात. एरवी मॅकच्या मधोमध एफएफ-एफई हे दोन बाइट घालून तो पत्ता होतो; म्हणून त्या दोन बाइटांच्या जागी हा १६ बिटी आकडा घालतात. इतर काही ड्रायव्हरांनी (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामांनी) याच क्षेत्रात पोर्टचा क्रमांक भरायला सुरुवात केली. काम भागले, पण दुसऱ्या पोर्टच्या आयपीव्ही६ पत्त्यात नको असलेला आकडा उतरण्याची वाट मोकळी झाली. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, जून २०१४ मधील ३.१५ आवृत्तीत ‘डेव्ह_पोर्ट’ हे स्वतंत्र क्षेत्र आले. त्याची गणती शून्यापासून होते आणि आकडा दशमान पद्धतीत छापला जातो. डेव्ह_आयडी षोडशमान पद्धतीत छापला जातो. काही ड्रायव्हर जुन्याच क्षेत्रात लिहीत राहिले. साधनांपैकीही काही फक्त एकच क्षेत्र वाचतात आणि काही फक्त दुसरे. एका फंक्शनवर अनेक पोर्ट असताना डेव्ह_पोर्ट न भरणे हा कर्नलचा दोषच, असे कर्नलचे दस्तऐवज सांगतात. तो कडक सूर योग्यच म्हणायला हवा.

या क्रमांकाचा मुख्य ग्राहक म्हणजे नाव ठेवणारी प्रणाली. लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीच्या जानेवारी २०१३ च्या १९७ व्या आवृत्तीपासून इंटरफेसची नावे ठिकाणावरून पडू लागली. सामायिक फंक्शनवर पहिल्या पोर्टचे नाव ‘ईएनपी३एस०’ (बस ३, डिव्हाइस ०) पडते. दुसऱ्याला मागे ‘डी१’ लागते. डेव्ह_पोर्ट भरलेला नसेल तर दोघांना एकच नाव हवे असते. ते एकाला मिळते आणि दुसरा ‘इथ१’ सारख्या जुन्या नावावर राहतो. नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. उलट अडचणीसाठी, म्हणजे अनेक फंक्शनांमागे पोर्ट मात्र एकच असतो तेव्हा, २०१३ मध्येच ‘फिज_पोर्ट_आयडी’ आला होता.

इतके करूनही डेव्ह_पोर्ट १ म्हणजे पत्र्यावरची डावी खोबण की उजवी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कोकणात कितीतरी पोटहिस्से कागदावर असतात, जागेवर गडगा नसतो, तसेच हे. प्रस्तुत नोंदकर्त्याने रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यातल्या एका कार्यालयात, अशा कार्डावर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. आषाढाच्या दमट हवेत दोन्ही गळून रॅकच्या तळाशी सापडल्या, शाई फुटलेली. ‘ईटीएचटूल’ या आज्ञेला पोर्टचा दिवा लुकलुकवायला सांगता येते, पण त्या कार्डाचे दिवे आधीच गंजलेल्या पत्र्याआड गेले होते. शेवटी एकेक तार उपसून प्रत्येक इंटरफेसच्या, जोडणी जिवंत आहे का ते सांगणाऱ्या, ‘कॅरियर’ फाइलमधला १ कुठे ० होतो ते पाहिले. उजवीकडची तार उपसल्यावर डेव्ह_पोर्ट ० असलेला इंटरफेस पडला. मग तारांवरच गाठी मारल्या: शून्याला एक, एकला दोन.