कोटा क्विकीला बी-मूव्ही म्हणू नका राव

'से इट विथ फ्लॉवर्स' ही 1934ची ब्रिटिश फिल्म बघितली की तोंडात पहिलं येतं ते 'बी-मूव्ही', माझंही तेच व्हायचं. तासाभराची लांबी, मोजके सेट, बजेट फाटकं. पण ही कोटा क्विकी, म्हणजे कायद्याने ठरवलेला ब्रिटिश फिल्मचा कोटा भरायला स्वस्तात, झटपट काढलेली फिल्म, आणि फरक पडद्यावर दिसत नाही, पैसा कशासाठी दिला त्यात आहे.

बी-मूव्ही अमेरिकेची. मंदीत थिएटरवाले एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायला लागले, मोठ्या पिक्चरला कमाईतली टक्केवारी आणि बी-ला ठरलेलं भाडं. म्हणजे खर्च भाड्याच्या आत बसवायचा हे खरं, पण थिएटरवाल्याने पुढचा पिक्चर परत घ्यायला हवा ना, मग लोक खुर्चीत टिकले पाहिजेत.

क्विकीला ती काळजीच नव्हती. इंग्लंडात थिएटरं हॉलिवूडनेच भरलेली, म्हणून सरकारने 1927 साली कायदा केला की डिस्ट्रिब्युटरने सुरुवातीला साडेसात टक्के ब्रिटिश फिल्म घ्यायच्याच, नंतर तो आकडा 20 पर्यंत चढला. (ब्रिटिश म्हणजे साम्राज्यातली, त्यामुळे कागदोपत्री आपल्या मुंबईत काढलेलीसुद्धा बसू शकली असती!) अमेरिकन कंपन्यांनी मग सोपा मार्ग काढला, स्वस्तात माल उचला आणि कोटा भरा. रेट साधारण फुटाला एक पौंड, अगदी कापडासारखा. 35 एमएमची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे 6000 फूट, सदुसष्ट मिनिटं, 6000 पौंड, विषय संपला. काही फिल्म तर सकाळी झाडलोट चालू असताना रिकाम्या थिएटरात लावून टाकायचे असं सांगतात. 1938च्या कायद्याने मजुरीवर किमान खर्चाची अट घातली तेव्हा कुठे हा फुटावरचा धंदा बसला.

पण गंमत बघा. 'से इट विथ फ्लॉवर्स' ट्विकनहॅम स्टुडिओत झाली, जॉन बॅक्स्टरने केली. गोष्ट एवढीशीच, लंडनच्या बाजारातली फुलवाली आजारी पडते, तिला समुद्रावर पाठवायला बाजारातली मंडळी पैसे जमवायला गाण्याचा कार्यक्रम करतात. त्या कार्यक्रमात गायला आलेत म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-विनोदाच्या जुन्या ब्रिटिश रंगमंचाचे, खरेखुरे जुने कलाकार, फ्लोरी फोर्ड, मेरी केंडल, आणि चार्ल्स कोबर्न, जो तेव्हा ऐंशी पार केलेला! बी-मूव्हीवाल्याने एवढ्या म्हाताऱ्याला गाऊ दिलं असतं का, मला नाही वाटत, त्याने दोन ओळीत कापून गोष्ट पुढे ढकलली असती. इथे काय, फूटच भरायचे होते.