जैतापूर : भूकंपाचा नकाशा आणि गावे रिकामी करण्याचा आराखडा

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली, तेव्हा भूकंपाच्या धोक्याविषयीची चर्चा मुख्यतः एकाच विधानाभोवती फिरत होती : माडबनचा सडा, म्हणजे प्रकल्पाची जागा असलेले कातळाचे पठार, भूकंपप्रवणतेच्या नकाशात झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येतो. प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी हे विधान पुरेसे होते. विरोध करणाऱ्यांनी ते नाकारून झोन चारचा दावा पुढे केला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात घडला आणि १८ एप्रिलला प्रकल्पविरोधी आंदोलनात जवळच्या नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तेव्हापासून ‘तीन की चार’ हा प्रश्न या प्रकल्पाच्या सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न असल्यासारखा मांडला जात आहे. प्रस्तुत टिपणात त्याची पार्श्वभूमी पाहायची आहे आणि या वादामुळे मागे पडलेल्या दुसऱ्या, म्हणजे अपघाताच्या वेळी गावे रिकामी करण्याच्या प्रश्नाचीही.

देशाचा भूकंपप्रवणतेचा पहिला अधिकृत नकाशा १९६२ सालचा. त्या काळी दख्खनचे पठार स्थिर मानले जात असे आणि पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग जवळजवळ निर्धोक गणला जात असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली. त्यानंतर १९७० च्या सुधारित नकाशात कोयना परिसर एकदम झोन चारमध्ये गेला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे बांधकाम कोयनेच्या भूकंपाच्या वेळी चालू होते आणि १९६९ मध्ये त्या वीज देऊ लागल्या. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात जवळजवळ दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशीच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. २००२ च्या सुधारणेत झोन एक रद्दच करण्यात आला आणि लातूरचा भाग झोन तीनमध्ये आला. महाराष्ट्रापुरते पाहिले तर दोन्ही वेळा भूकंप आधी झाला आणि नकाशा त्याच्यामागून बदलला. हा क्रम लक्षात ठेवला तर नकाशावरच्या रेषेवर किती भार टाकायचा याचा अंदाज येतो.

ही रेषा मुळात सर्वसाधारण इमारतींसाठी आखलेली आहे. घर, शाळा किंवा पूल बांधताना जमिनीच्या किती हादऱ्याचा हिशेब धरावा यासाठी प्रत्येक झोनला एक गुणक दिलेला असतो, तो २००२ च्या सुधारणेनुसार झोन तीनसाठी ०.१६ आणि झोन चारसाठी ०.२४ आहे. अणुवीज केंद्राचा आराखडा या गुणकावर ठरत नाही. तेथे जागेपुरता स्वतंत्र अभ्यास करावा लागतो, आसपासचे भ्रंश (खडक जिथे सरकतात अशा भूगर्भातील भेगा), पूर्वीचे भूकंप आणि जमिनीची रचना तपासावी लागते, आणि साधारण दहा हजार वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या हादऱ्यातही भट्टी सुरक्षितपणे बंद करता आली पाहिजे, असा निकष असतो. नकाशाचा थेट संबंध येतो तो जागा नाकारण्याच्या वेळी. देशातील १९९० च्या नियमावलीनुसार झोन पाचमधील जागा किंवा पाच किलोमीटरच्या आत सक्रिय भ्रंश असलेली जागा बाद ठरत असे, झोन चारमधील ठरत नसे. उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्र झोन चारमध्येच उभे आहे. त्यामुळे माडबन उद्या झोन चारमध्ये गेले असे गृहीत धरले, तरी तेवढ्यावरून प्रकल्प अडत नाही, आणि ते झोन तीनमध्ये राहिले म्हणून सुरक्षित ठरते असेही नाही.

तरीही वाद तेथेच अडकला. याचे एक कारण असे की रत्नागिरी जिल्ह्याचा काही भाग झोन चारमध्ये येतो आणि जिल्ह्याबद्दलचे विधान जागेबद्दलचे म्हणून सहज पसरते. दुसरे कारण एका आकडेवारीचे आहे. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत या परिसराला भूकंपाचे ९२ धक्के बसले आणि त्यांतील सर्वांत मोठा १९९३ सालचा, सहा रिश्टरहून अधिक क्षमतेचा होता, असे आंदोलनाच्या पत्रकांतून आणि वृत्तपत्रांतून वारंवार सांगितले गेले. १९९३ चा तेवढा मोठा धक्का म्हणजे किल्लारीचाच, आणि किल्लारी माडबनपासून सुमारे पावणेचारशे किलोमीटर दूर आहे. हा तपशील वगळल्यामुळे आकडा भयावह वाटला, पण त्यामुळेच तो खोडून काढणे प्रकल्पाच्या समर्थकांना सोपे गेले. खरा मुद्दा मात्र खोडला गेला नव्हता.

तो मुद्दा २०११ च्या अखेरीस दोन भूकंपशास्त्रज्ञांनी एका भारतीय विज्ञान नियतकालिकात मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की कोकण किनाऱ्यावरील भूकंपांची लेखी नोंद अवघ्या काही शतकांची आहे आणि मोठ्या भूकंपांमधले अंतर हजारो वर्षांचे असू शकते, त्यामुळे नोंद नाही म्हणून धोका नाही असे म्हणता येत नाही. कोयना आणि किल्लारी येथील भूगर्भीय ताणाची स्थिती माडबनच्या परिसराहून मूलतः वेगळी नाही. सहा किंवा त्याहून थोड्या अधिक क्षमतेचा भूकंप येथे होण्याची शक्यता कमी असली तरी ती शून्य धरता येत नाही. यावर आलेल्या उत्तरांत दोन गोष्टींवर भर होता. नियमात सांगितलेल्या अंतरात सक्रिय भ्रंश आढळलेला नाही, ही पहिली. कोयनेचे भूकंप धरणाच्या जलाशयाशी निगडित असल्याने शंभर किलोमीटरवरील माडबनला ते लागू करता येत नाहीत, ही दुसरी. यातली दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. पहिलीबद्दल मात्र शंका राहतेच, कारण धोकादायक म्हणून आधी ओळखला गेलेला असा कोणताही भ्रंश किल्लारीला नव्हता आणि भूकंपानंतर पृष्ठभागावर दिसलेली भेगही जेमतेम किलोमीटरभराची होती. दख्खनच्या कातळात सक्रिय भ्रंश शोधणे अवघड आहे, आणि न सापडणे व नसणे यांतील फरक पर्यावरणीय मंजुरीच्या वेळच्या चर्चेत पुरेसा उमटला नाही.

या सगळ्यात आपत्कालीन नियोजनाचा प्रश्न मागे पडला. देशातील जुन्या नियमांनुसार अणुवीज केंद्राभोवती १.६ किलोमीटरपर्यंत वस्ती असू नये, ५ किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर नियंत्रण असावे आणि १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन आराखडा तयार असावा. एक मैल आणि दहा मैल ही मूळ मापे या आकड्यांत स्पष्ट दिसतात. २०१४ च्या सुधारित नियमावलीत वस्तीविरहित अंतराची किमान मर्यादा १ किलोमीटरवर आली. केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या आराखड्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते आणि त्याची रंगीत तालीम दोन वर्षांतून एकदा अपेक्षित असते. देशाच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१२ च्या अहवालात, अशा तालमींतून कुंपणाबाहेरची सज्जता अपुरी असल्याचे दिसते, असे स्पष्ट नोंदवले आहे.

माडबनच्या बाबतीत १६ किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहिले की अडचण लगेच ध्यानात येते. सडा उत्तरेला जैतापूरची खाडी आणि दक्षिणेला विजयदुर्गची खाडी यांच्यामध्ये आहे, पश्चिमेला समुद्र आहे. विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात येत असल्यामुळे एकाच वर्तुळासाठी दोन जिल्हाधिकारी, दोन पोलीस यंत्रणा आणि दोन आरोग्य यंत्रणा यांच्यात मेळ बसवावा लागेल. बाहेर पडण्याचे रस्ते अरुंद आहेत, अनेक ठिकाणी ते खाडीवरच्या पुलांवर अवलंबून आहेत. पूर्वेकडे महामार्ग गाठला तरी पुढे घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आराखडा करताना बहुधा अपघात फक्त केंद्रात झाला आहे आणि बाहेर सर्व काही जागेवर आहे असे गृहीत धरले जाते. भूकंपामुळे अपघात झाला तर हे गृहीतक पहिल्या काही मिनिटांतच कोसळते, कारण जो हादरा केंद्राला बसतो तोच पुलाला, इस्पितळाला, दूरध्वनीच्या मनोऱ्याला आणि जांभ्या दगडाच्या जुन्या घरांनाही बसतो.

याचे धडे जपानमधून क्रमाने आले आहेत. १६ जुलै २००७ रोजी काशिवाझाकी-कारिवा केंद्राजवळ भूकंप झाला, तेव्हा पहिल्या भट्टीच्या तळाशी गृहीत धरलेल्या २७३ गॅलऐवजी (गॅल हे जमिनीच्या त्वरणाचे एकक) ६८० गॅल इतका हादरा नोंदला गेला. भट्ट्या सुरक्षितपणे बंद झाल्या, पण आवारातील एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि आपत्कालीन कक्षाचा दरवाजाच अडकून बसला. त्यानंतर भूकंपाचा धक्का कमी पोहोचू देणाऱ्या पायावर स्वतंत्र आपत्कालीन इमारती बांधल्या गेल्या. फुकुशिमातही अशी इमारत अपघाताच्या काही महिने आधीच तयार झाली होती आणि मार्च २०११ मध्ये सारे काम तेथूनच चालले. कुंपणाबाहेर मात्र दोन, तीन, दहा, वीस किलोमीटर अशा वाढत्या वर्तुळांनी एका दिवसात आदेश निघाले, त्याच लोकांना पुन्हा पुन्हा हलावे लागले आणि घाईच्या स्थलांतरात इस्पितळांतले व वृद्धाश्रमांतले अनेक रुग्ण दगावले. वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवरील गाव तर कोणत्याच वर्तुळात नव्हते. वारा आणि पाऊस तिकडे वळल्याने ते पुढे रिकामे करावे लागले.

१ जानेवारी २०२४ च्या नोतो द्वीपकल्पातील भूकंपाने प्रश्न आणखी टोकदार केला. शिका येथील केंद्र २०११ पासून बंदच होते, त्यामुळे किरणोत्साराची दुर्घटना झाली नाही. परंतु बाहेर पडण्यासाठी ठरवून ठेवलेले अनेक रस्ते तुटले, गावे कित्येक दिवस एकाकी पडली, किरणोत्सार मोजणाऱ्या काही केंद्रांकडून माहिती येणे बंद झाले. ‘घरातच थांबा’ हा पर्यायही उरला नाही, कारण घरेच पडली होती. काही ठिकाणी समुद्रतळ सुमारे चार मीटर वर उचलला गेल्याने बंदरे कोरडी पडली आणि बोटीने सुटकाही अशक्य झाली. भूकंपकेंद्राजवळच्या सुझू शहरात एका अणुवीज केंद्राची योजना होती, ती स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर २००३ मध्ये गुंडाळली गेली होती. कोकणात नोतोएवढा भूकंप अपेक्षित नाही. पण जांभ्याची घरे आणि दरडींचे घाट असलेल्या प्रदेशात रस्ते बंद पडायला सहा रिश्टरचा, उथळ खोलीवरचा धक्काही पुरेसा होईल.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ जैतापूरपुरता नाही. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात धुंदलवाडी परिसरात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. तारापूर तेथून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. हे धक्के केंद्राच्या दृष्टीने किरकोळ होते, पण तेव्हा लोकांनी थंडीत रात्री तंबूंमध्ये काढल्या. अशा वस्त्यांना ‘दारे-खिडक्या लावून घरात थांबा’ असे सांगायची वेळ आली तर काय करायचे, याचे उत्तर तारापूरच्या आराखड्यात असले पाहिजे.

प्रचलित पद्धतीनुसार कुंपणाबाहेरचा आराखडा आणि त्याची तालीम भट्टीत इंधन भरण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. म्हणजे ही कामे बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यात येतात, आणि तोपर्यंत रस्त्यांची जागा, पुलांची उंची, इस्पितळाचे ठिकाण हे सारे आधीच ठरून गेलेले असते. माडबनला सहा भट्ट्यांचा, मूळ योजनेनुसार ९९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरलेला असला तरी अजून एकाही भट्टीचे बांधकाम सुरू झालेले नाही. त्यामुळे खाडीवरील पुलांची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी, पूर्वेकडे बाहेर पडणारा किमान एक पर्यायी रस्ता, भूकंपात टिकतील अशा शाळा व निवारे आणि दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच आराखडा या गोष्टी पहिला पाया घालण्याच्या परवानगीची अट म्हणून आजही मागता येतात.