प्रिंटरला शाई दिसत नाही, तो थेंब मोजतो

साताऱ्यात पोवई नाक्याला किंवा राजवाड्याच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा, सातबारा, आधार, हॉलतिकीट यांच्या कलर प्रिंट चालूच असतात आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात शाईच्या चार पट्ट्या दिसतात. बहुतेकांना वाटतं की आत सेन्सर आहे आणि तो पातळी बघतोय. पण बऱ्याच इंकजेटमध्ये, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरमध्ये, तसं काही नसतं, ती पट्टी म्हणजे प्रिंटरने मांडलेला हिशोब असतो. बाईकचा पेट्रोलचा काटा बंद पडला की आपण टाकी फुल करून किलोमीटरवर अंदाज धरतो ना, तसंच.

कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर थेंब सोडणाऱ्या भागात, बारीक हीटर असतात, ते शाई क्षणात इतकी तापवतात की बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन, ब्रदरमध्ये वीज दिली की आकार बदलणारा पिझो क्रिस्टल शाईला धक्का देतो. काहीही असलं तरी प्रत्येक थेंबाचा हुकूम प्रिंटरच देतो, त्यामुळे मोजायला वेगळं काही लागत नाही. थेंब असतो काही पिकोलिटरचा, म्हणजे मिलीच्या काही अब्जांश भागाचा. 5 पिकोलिटर धरला तर 1 मिली शाईत 20 कोटी थेंब झाले, आणि एवढी मोजदाद हे साधं घरगुती मशीन करतं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता यात चूक कुठे शिरते, तर शाई गरम झाली की पातळ होते आणि थेंबाचं माप थोडं बदलतं, शिवाय हेड क्लिनिंगला, म्हणजे शाई सोडून हेड साफ करताना, किती शाई गेली ते ठरावीक आकडा वजा करूनच धरतात. म्हणून कंपन्या मुद्दाम थोडी शाई शिल्लक ठेवूनच "संपली" म्हणतात. ते निव्वळ लुबाडणं नाहीये, हीटरवाल्या हेडला शाईच थंड ठेवते, कोरडं चालवलं तर हेड जळू शकतं, आणि पिझोत हवा शिरली की थेंबच पडत नाही. पण शिल्लक किती ठेवली ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

हा हिशोब बऱ्याच कार्ट्रिजवर बसवलेल्या चिपमध्ये लिहिलेला असतो, म्हणून सिरिंजने शाई भरली तरी चिप रिकामंच म्हणते, तिला आतलं दिसतच नाही.

कॅननच्या काही टाक्यांत मात्र खरंच बघायची सोय आहे आणि ती फार हुशारीची आहे. पारदर्शक टाकीच्या तळाला छोटा प्रिझम असतो, त्यावर प्रिंटर प्रकाश टाकतो. शाई असेल तर प्रकाश शाईत शिरतो, शाई खाली गेली आणि हवा आली की तोच प्रकाश प्रिझममधून पूर्ण परावर्तित होऊन सेन्सरकडे येतो. पण शेजारच्या स्पंजमध्ये अजून शाई असते, तिथून पुढे परत थेंब मोजणंच.

सध्या दुकानांत इंकटँक, म्हणजे बाटलीने टाकी भरायचे प्रिंटर, जास्त दिसतात. त्यातल्या बऱ्याच मॉडेलला टाकीत सेन्सरच नाही, भरून झालं की आपण "टाकी भरली" सांगायचं आणि तो मोजायला लागतो. अर्धीच बाटली ओतून तसं सांगितलं तर स्क्रीनवर शाई आणि नळीत हवा. म्हणून टाकीवरची खालची रेघ रोज डोळ्यांनी बघा, पट्टीवर जाऊ नका. आणि छापता छापता लाईट गेली तर हेड उघडं राहून शाई वाळते, मग क्लिनिंगमध्ये अजून शाई जाते, त्यामुळे छोटा यूपीएस असलेला बरा.

क्लिनिंगची शाई जाते खालच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, आणि त्याचाही काउंटरच असतो. तो भरला की टाक्या काठोकाठ असल्या तरी प्रिंटर थांबतो. बरेच जण सॉफ्टवेअरने नुसता काउंटर रिसेट करतात, पॅड तेच राहतं, आणि मग कधीतरी शाई खालून टेबलावर उतरते. आधी पॅड बदलून घ्या, मगच रिसेट करा.